शहाण्याने लग्न करू नये

मागाला टांगलेली मातीची वजनं एकमेकांवर खळ्ळकन आपटली आणि दुपारची शांतता मोडली. मिर्तोने दचकून पाळण्याकडे पाहिलं. तान्हं जागं झालं नव्हतं. मागाखालून थोरली फिलिन्ना मात्र हसत बाहेर आली.

"आई, बाबांची गोष्ट सांग ना. बागेतली!"

मिर्तोचा हात धोट्यावरच थांबला. किती वर्षांत तिकडे पाऊल पडलं नव्हतं...

अथेन्सच्या वेशीबाहेर ती बाग होती. सुखाने कसं जगावं हे तिथले गुरुजी शिकवत. मिर्तो चीजवाल्याची मुलगी. एकदा ती चीजचं मडकं पोचवायला गेली, तर दार उघडलं एका विस्कटलेल्या केसांच्या तरुणाने. दोरिओन त्याचं नाव. मडकं घेताना त्याची मातीने भरलेली बोटं तिच्या बोटांना लागली, आणि दोघांनाही ती सोडवायची घाई नव्हती.

"एवढंसं चीज एवढ्या माणसांना?" तिने विचारलं.

"पुष्कळ झालं. रोज आम्ही जवाची भाकर खातो. चीज म्हणजे मेजवानी."

"अगं बाई! अशी गिऱ्हाइकं वाढली तर बाबा दुकान मोडतील."

मग ती वरचेवर जाऊ लागली. दारातच तो तिला गुरुजींची शिकवण सांगायचा — काही इच्छा गरजेच्या, काही नुसत्या हौसेच्या, काही अगदीच पोकळ. गरजेच्या तेवढ्या पुरवाव्यात, म्हणजे मन निवांत राहतं.

"आणि मी रे? मी कशात मोडते?"

"तू..." तो कानापर्यंत लाल झाला. "तू आलीस की निवांतपणा जातो, एवढं खरं."

त्या दिवशी ती घरापर्यंत गुणगुणत गेली.

पण द्राक्षं काढून झाली आणि तिच्यासाठी तेलाच्या व्यापाऱ्याचं स्थळ आलं.

"उद्या बाबा होकार देणार," दारात मडकं ठेवत ती म्हणाली. "तुला काही बोलायचंय?"

दोरिओन पायाने माती उकरत राहिला. "गुरुजी म्हणतात, शहाण्याने सहसा लग्न करू नये. बायको, पोरं, आजारपणं... मनाची शांती जाते."

मिर्तोचे डोळे भरले. पण ती गप्प बसणारी नव्हती.

"शहाण्याने ना? मग तुला कसली भीती? धान्यदेवी आणि तिच्या लेकीची शपथ, तुझ्याइतका वेडा अख्ख्या शहरात नाही!"

तो आत पळाला. संपलंच... ती वळली, तोच मागे काहीतरी फुटलं. अथेन्सची मुलं तोंडाने मागणी घालत नाहीत. सफरचंद फेकतात, आणि मुलीने ते उचललं की होकार. दोरिओनचा नेम चुकला होता. मडक्याच्या ठिकऱ्या, सगळी मेजवानी मातीत, आणि मधोमध चीजने माखलेलं सफरचंद!

तिने ते उचललं. तिथेच एक घासही घेतला.

"आणि तेलवाला?" फिलिन्नाने विचारलं.

"बागेतली म्हातारी मंडळी येऊन आजोबांची समजूत घालून गेली."

फिलिन्ना पोट धरधरून हसली. मग तिने दाराबाहेर पाहिलं. अंगणात दोरिओन भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपला होता. दात येणाऱ्या तान्ह्याला घेऊन त्याने रात्रभर येरझाऱ्या घातल्या होत्या. कपाळावर आठी, खांद्यावर दुधाचे डाग.

"आई," पोर हळूच म्हणाली, "बाबा त्या बागेत जास्त सुखी होते का गं?"