ठोकळ्याचं वय

आबांचा संगणक पंचेचाळीस वर्षांचा. आत्याने शाळेत असताना केलेला खारीचा खेळ फक्त त्याच्यातच आहे, आणि आता तो सुरूच होईना! आतल्या मदरबोर्डवर (सगळे भाग जोडलेल्या पाटीवर) अठरा कपॅसिटर (वीज साठवून लागेल तशी सोडणारे छोटे डबे) उभे होते. त्यातले बिघडलेले कोणते?

"अठराही बदला. वय झालं की बदलायचं, असा नियम आहे," ठोकळ्या म्हणाला. ठोकळ्या म्हणजे आमच्या घरचा यंत्रमानव.

माझं डोकंच फिरलं. "गप रे! याच नियमाने सोमवारी भंगारवाला तुला नेणार आहे!"

ठोकळ्याला बारा वर्षं झालीत, हात थरथरतो, चहा सांडतो. आईने नवा मागवलाय. मला नुसतं रडू येत होतं.

"शलाका, भांडण नंतर," आबा म्हणाले. "सारखी काढघाल केली की जुन्या पाटीवरच्या तांब्याच्या रेघा उखडतात. म्हणून चांगल्याला हात लावायचा नाही. आधी नीट बघ."

एकाच्या बुडाशी तपकिरी काहीतरी होतं. "हाच! गळतोय!"

आबांनी नखाने खरवडलं. खपली निघाली, खालचं तांबं लख्ख. "अगं, हा कारखान्यातला गोंद. डबा हलू नये म्हणून लावलेला."

माझं तोंड पडलं. पण दुसऱ्या एकाचं डोकं पुरीसारखं टम्म फुगलं होतं. आत वायू झाला की असं होतं. तो बाद.

"बाकीचे तर छान दिसतायत."

"दिसण्यावर जाऊ नकोस. मोज."

आबांनी मीटर दिला. तो कपॅसिटरचा आतला अडथळा (विजेला होणारा विरोध) दाखवतो. आतला द्रव सुकला की अडथळा वाढतो. गोंदवाला अर्ध्या ओहमच्याही (अडथळा मोजायचं माप) आत. शाब्बास! आणि एक सपाट, चकचकीत डबा चक्क नऊ ओहम! अरे लबाडा!

दोनच बदलले. संगणक टूं करून जागा झाला आणि पडद्यावर खार टुणकन उडाली.

ठोकळ्याने छातीचं झाकण उघडलं. "आबा, मलाही मोजा," म्हणाला आणि स्वतःच बटण बंद केलं.

मीच मोजलं. चाळीसपैकी एकच खराब निघाला, तोही हाताला वीज देणारा! तो बदलून आम्ही ठोकळ्याला पुन्हा सुरू केलं.

संध्याकाळी ठोकळ्याने आईला काठोकाठ भरलेला कप दिला. थेंबही सांडला नाही. आई कपाकडे बघत राहिली. "मग नवा नको. पण याला दरवर्षी मोजायचं. कबूल?"

"कबूल!" मी ओरडलेच.

पण भंगारवाल्याला कळवायचं राहूनच गेलं. सोमवारी तो दारात आला, तेव्हा ठोकळ्यानेच त्याला चहा दिला.