टपावरचा माणूस

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय. आईला कळू द्यायचं नाही या अटीवर त्याने ते मला सांगितलं, कारण आईला कळलं तर ती आधी मामालाच दवाखान्यात नेईल.

यात रात्र नाही, अंधार नाही. दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. वेळ भर दुपारी दोनची. जागा, मामाच्या घरामागची पत्र्याची शेड.

मामा गाड्यांचे एसी दुरुस्त करतो. त्याच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणतात आणि मामा ते कधी नाकारत नाही. चाळिशी उलटली तरी त्याचं लग्न झालं नव्हतं. मग एक दिवस शेडमध्ये एक कॅम्पर व्हॅन आली. आत पलंग, ओटा, कपाट... चाकांवरचं घरच म्हणा ना. चालवत एक विधवा बाई आली होती. तिचा नवरा सुतार होता आणि ही गाडी त्याने स्वतःच्या हाताने सजवली होती. आता टपावरचा एसी गरम हवा फेकत होता. चार मेकॅनिक झाले होते. प्रत्येकाने गॅस भरून दिला आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच.

मामाने एकेका जोडाला साबणाचा फेस लावून पाहिला. कुठेच बुडबुडा येईना. तिसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने गाडी उन्हात उभी केली, तासभर टप तापू दिला आणि मग फेस लावला. एका जोडातून मोहरीएवढे बुडबुडे यायला लागले. नळी तापली की तेवढीच फट उघडत होती.

बाई तीन दिवस स्टुलावर बसून हे सगळं बघत होती.

"ते असते तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं," ती म्हणाली.

मामा तिच्या प्रेमात पडला तो तेव्हा. आणि त्या सुतारावर जळायला लागला तोही तेव्हाच.

सहा महिन्यांनी ती माझी मामी झाली.

व्हॅन शेडमध्येच राहिली. दुपारचं सगळं आवरलं की मामी बोर्डाला वायर लावायची, एसी चालू करायची आणि दार ओढून आत बसायची.

एक तास. रोज.

मामाच्या पोटात दुखायचं. एकदा ती बाहेर गेलेली असताना तो आत शिरला. प्रत्येक खुंटी, प्रत्येक फळी बरोबर तिच्या हाताला येईल अशा उंचीवर होती. इकडे मामाच्या स्वयंपाकघरात तिला साखरेचा डबा काढायला स्टूल घ्यावं लागत होतं. खरं तर त्याला स्वतःची लाज वाटायला हवी होती. पण आला तो सुताराचा राग. जिवंत माणूस असता तर दोन शब्द सुनावले असते. मेलेल्याचं काय करणार?

मग मामाने असं काही केलं, जे कुठल्याच मेकॅनिकने करू नये.

तो टपावर चढला आणि ठणठणीत एसीतला सगळा गॅस त्याने काढून घेतला.

"कॉम्प्रेसर गेलाय," संध्याकाळी तो मामीला म्हणाला. "तसला आता मिळत नाही. जाऊ दे. कशाला बसतेस त्या भट्टीत?"

"बरं," मामी म्हणाली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता ती पुन्हा आत जाऊन बसली.

मामा एका मोटारीच्या बॉनेटखाली डोकं घालून होता. दहा मिनिटांत घामाघूम होऊन येईल बाहेर, त्याने मनात म्हटलं. दहा झाली. वीस झाली. चाळीस झाली... मग मात्र त्याच्या पायाखालची जमीन सरकली. बंद गाडीत, त्या उन्हाळ्यात, माणूस जिवाला मुकतो. तो हातातला पाना टाकून धावला.

आणि जागीच थबकला...

गाडीच्या काचांवर दव आलं होतं. बाहेरून. टपावरून थेंब थेंब पाणी ठिबकून खाली डबकं साचलं होतं.

दार उघडून मामी बाहेर आली. अंगावर शाल होती.

"आज जरा जास्तच गार झालं होतं," ती म्हणाली आणि घरात गेली.

मामाने टपावर जाऊन मीटर लावला. काटा शून्यावर. मीटर खराब असेल म्हणून दुसरा आणला. तोही शून्यावर. आत गॅसचा टिपूस नव्हता. गॅसशिवाय एसी म्हणजे नुसता पंखा. हे मामाला माझ्यापेक्षा आणि तुमच्यापेक्षा नक्कीच जास्त कळतं.

तिसऱ्या दिवशी त्याने बोर्डातला फ्यूजच काढून खिशात घातला आणि तो शेडच्या भिंतीला टेकून उभा राहिला.

मामी आली. आत गेली. दार लागलं.

शांतता.

मग... गुर्रर्र. एसी सुरू झाला.

आणि टपावर... खट्. खट्. खट्.

कोणीतरी नट आवळत होतं.

मामाने गाडीला पूर्ण फेरी मारली. टपावर कोणीही नव्हतं. फ्यूज खिशात होता. त्याने तो मुठीत इतका घट्ट धरला की तळहातावर वळ उठला.

त्या संध्याकाळी मामाला राहवलं नाही.

"दुपारी तू त्याच्यासाठी बसतेस ना तिथे?"

"बसायचे. खोटं कशाला सांगू? पण कालपासून तुमच्यासाठी बसते."

"माझ्यासाठी?"

"कॉम्प्रेसर मिळत नाही म्हणालात, आणि मी आत गेले की गुपचूप वर चढून खुडबुड करत बसता. मला काय ऐकू येत नाही? एवढ्या उकाड्यात, माझ्यासाठी." तिने त्याचा हात हातात घेतला. लग्नाला वर्ष होत आलं होतं. आपणहून तिने असं कधी केलं नव्हतं. "फक्त फार वेळ वर थांबू नका. ते तसेच गेले. एसी बघायला चढले, ऊन लागलं... उतरलेच नाहीत."

'टपावर मी नव्हतो,' एवढंच मामाला सांगायचं होतं. पण ते सांगितलं असतं तर वर कोण होतं हे तिला लगेच कळलं असतं. आणि मग ती कायमची कुणाची झाली असती?

दुसऱ्याच्या कष्टांचं कौतुक त्याने स्वतःच्या पदरात पाडून घेतलं.

पहाटे उठून मामाने सगळं सरळ केलं. गॅस परत भरला, जोड तपासले, फ्यूज जागेवर बसवला. मीटरवर आकडे अगदी चोख आले. आता जे गार होईल ते आपल्या हातचं, आणि आपण तिच्या शेजारी बसायचं, असं त्याने ठरवलं होतं.

दोन वाजता दोघं आत बसले.

गरम हवा...

दहा मिनिटांत दोघांचे कपडे अंगाला चिकटले.

"वर जाऊन बघता का जरा?" मामी म्हणाली.

मामा वर चढला. कशाला हातही लावला नाही.

"गार येतंय का?" त्याने विचारलं.

"आलं!"

तो खाली उतरला. दारात पाय ठेवला आणि हवा गरम झाली. पुन्हा वर. गार. पुन्हा खाली. गरम. त्या आठवड्यात मामाने एसी चार वेळा खोलला. बिघाड काही सापडला नाही.

हे अजून चालू आहे.

गेल्या महिन्यात मी गेलो होतो. मामा तापलेल्या पत्र्याखाली, डोक्यावर ओलं फडकं घेऊन टपावर बसला होता. चेहरा रापलेला, गाल बसलेले. आतून मामीच्या बोलण्याचा आवाज येत होता. मधेमधे ती थांबत होती, समोरच्याचं ऐकून घेताना थांबतात तशी.

"गाडी विकून टाक ना," मी म्हणालो.

"विकेन रे. पण तीही गाडीबरोबर गेली तर?"

मग त्याने वाकून विचारलं, "उतरू का गं?"

आतलं बोलणं थांबलं.

"थांबा ना अजून," मामी फार गोड आवाजात म्हणाली. "आत्ताच तर कुठे गार व्हायला लागलंय."

मामा थांबला.

तेव्हापासून मी रोज तीन वाजता मामाला फोन लावतो. तो "उतरलो रे" म्हणाला की मग मी जेवायला बसतो.

काल फोन मामीने उचलला.

"ते अजून वर आहेत," ती म्हणाली.

मग तिने फोनवर हात ठेवला. तरी मला ऐकू आलं... ती हळू आवाजात कुणाला तरी विचारत होती, "आता बोलावू का त्यांना खाली?"

पलीकडून काय उत्तर आलं, ते मला कळलं नाही.

मामा साडेचारला उतरला.