दोन ठोक्यांच्या मध्ये

हे कुणी खोटं ठरवून दाखवलं, तर मी त्याचे पाय धरीन. पण ती खोली मी पाहिली आहे. तो आवाज मी ऐकला आहे.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

माझ्या धाकट्या बहिणीला आठवा महिना सरत आला होता. बाळाची वाढ कमी होती, म्हणून दिवसाआड डॉप्लर करायला सांगितलं होतं. सोनोग्राफीचाच प्रकार. नाळेतून बाळाला रक्त कसं पोचतंय ते पडद्यावर दिसतं आणि ऐकूही येतं.

तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई नीट समजावून सांगायच्या. "प्रत्येक ठोक्याला एक लाट उठते. दोन लाटांच्या मध्येही रक्त वाहत राहायला हवं. तिथे रेघ तळाला टेकली, तर मी वाट बघणार नाही. त्याच दिवशी सिझर."

म्हणून आम्ही बॅग भरूनच आणली होती. मेहुणे ती मांडीवर घेऊन बाहेर बाकावर बसले.

आत पडदे ओढलेले. पोटावर जेल पडलं तशी बहीण शहारली. "डॉक्टर, हे मुद्दाम फ्रीजमध्ये ठेवता ना?"

डॉक्टर हसल्या. मग त्यांचं हसू थांबलं.

छप्...

छप्...

मध्ये काहीच नाही.

"श्वास जरा रोखून धरा," त्या म्हणाल्या. पुन्हा पाहिलं. मग पोटावर फिरवायचा तो प्रोब मशीनच्या खाचेत ठेवून त्यांनी ऑपरेशन थिएटरला कळवायला फोन उचलला.

पोटावर आता काहीच नव्हतं.

आणि तेवढ्यात...

छपाक्-हूऽऽ... छपाक्-हूऽऽ...

भरदार. सलग.

डॉक्टरांनी फोन खाली ठेवला. प्रोब परत पोटावर टेकवला. आवाज तसाच. पडद्यावर उंच लाटा, मधली रेघ तळापासून चांगली वर. त्यांनी नाळेवर दुसरीकडे पाहिलं... आणखी एका जागी पाहिलं. सगळीकडे तेच.

"मघाशी बाळ हललं असेल. प्रवाह छान आहे."

"पण प्रोब तर खाचेत होता ना?" मी विचारलं.

"मशीन अडकतं कधीकधी."

बहीण रडत होती. आनंदाने. मी तिचे डोळे पुसले.

घरी आलो. मेहुण्यांनी शीळ घालत बॅग रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहीण न्हाणीघरातून आली आणि दारातच उभी राहिली.

"ताई, ते हलत नाहीये."

मुलगी होती. नाकीडोळी आमच्या आईसारखी. रडली नाही.

मेहुण्यांनी तक्रार केली. हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी आमच्यासमोर त्या दुपारची साठवलेली चित्रं उघडली.

एकूण एक चित्रात... रेघ तळाला टेकलेली.

"हे शिकाऊ पोरालाही कळलं असतं," ते म्हणाले. "त्याच दुपारी बाहेर काढलं असतं, तर मूल आज घरी असतं."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "मी हे पाहिलंच नाही. ह्यांना विचारा."

मी सांगितलं. आवाजसुद्धा काढून दाखवला. मोठे डॉक्टर माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघत राहिले. मेहुणे एवढंच म्हणाले, "ताई, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?"

बाईंची नोकरी गेली. मेहुण्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. बहीण म्हणते, "मला त्या दिवसाचं काही आठवत नाही. तूही विषय काढू नकोस."

पुढे एकदा त्या बाई मला औषधाच्या दुकानात भेटल्या. खूप वाळल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "तो आवाज बाळाचा नव्हताच हो... तो तुम्हाला घरी पाठवायला आला होता."

मी औषधं न घेताच निघून आले.

बहिणीला पुन्हा दिवस गेले आहेत. शहर तेच, हॉस्पिटल वेगळं, डॉक्टर वेगळे. मला बोलावत नाहीत. आज दुपारी मात्र तिने चोरून मेसेज पाठवला. "ताई, डॉप्लर केलं. आधी जरा शंका होती, पण मग सगळं छान निघालं. ह्यांना सांगू नकोस. ऐक."

सोबत रेकॉर्डिंग होतं.

मी कानाला लावलं...

छपाक्-हूऽऽ... छपाक्-हूऽऽ...

मी फोन केला. मेहुण्यांनी उचलला आणि माझा आवाज ऐकताच ठेवून दिला. मी मेसेज टाकला, आत्ताच्या आत्ता दुसरीकडे तपासून घे. बहिणीने तो वाचला. उत्तर आलं.

"ताई, तुला माझं सुख बघवत नाही का?"

हे मी त्यांच्या जिन्यात बसून लिहिते आहे. बेल वाजवून वाजवून बोट दुखायला लागलंय. आत दिवा चालू आहे. दोघं हसताहेत, ते मला इथपर्यंत ऐकू येतंय.

दार कुणी उघडत नाही.