ढगांआडचा सडा

जेवणाच्या टेबलावर डोंगर उगवला तशी दहा वर्षांची शाल्मली हातातला घास विसरली. डोंगर प्रकाशाचा होता, वीतभर उंच; पण होता त्यांच्याच गावामागचा सडा (जांभ्या दगडाचं पठार). आई घरूनच विद्यापीठात भूगोल आणि पर्यावरण शिकत होती. तिच्या वर्गातले एकशे चाळीस जण आपापल्या गावी बसून हाच सडा पाहत होते.

सड्यावर करडा रंग होता. खाली लिहिलं होतं, 'ओसाड खडक'.

"हे चूक आहे!" शाल्मली म्हणाली. "आषाढात तिथं पांढऱ्या दीपकाड्या फुलतात. उपग्रहाला दिसल्या कशा नाहीत?"

आईनं तो प्रश्न वर्गात विचारला. वर्गानं तपासायचा हा नकाशा संध्याकाळी सरकारकडे जाणार होता आणि ओसाड जागी खडीची खाण होणार होती.

वर्ग घेणाऱ्या सरवटे मॅडमनी उपग्रहानं आषाढात काढलेली छायाचित्रं उघडली. सगळं पांढरंशुभ्र!

"फुलं!" शाल्मली ओरडली.

"ढग गं," मॅडम हसल्या. "या उपग्रहाचा कॅमेरा आपल्या डोळ्यांसारखाच. ढगांपलीकडचं त्याला दिसत नाही. म्हणून नकाशा उन्हाळ्यातल्या छायाचित्रांवरून बनला. आता भूपडताळणी (जागेवर जाऊन नकाशा तपासणं) करावी लागेल."

"पण हा वैशाख आहे, मॅडम. आत्ता तिथं काय दाखवू?" आईचा चेहरा पडला.

शाल्मली विचारात पडली. "दरवर्षी फुलं त्याच जागी येतात. म्हणजे झाडं कुठंतरी असणारच ना?"

दोघी कॅमेरा घेऊन सड्यावर गेल्या. पाय भाजत होते. एका खळग्यात बोटभर माती होती. शाल्मलीनं ती हलकेच बाजूला सारली. आत लसणीच्या पाकळीएवढा कंद होता.

"जिवंत आहे!" आई कुजबुजली. कॅमेऱ्यातून सगळा वर्ग पुढे झुकून पाहत होता.

"पावसाळ्यातलं अन्न साठवून तो उन्हाळाभर झोपतो," मॅडम म्हणाल्या. "उपग्रहानं खोटं नाही सांगितलं. त्यानं अर्धंच वर्ष पाहिलं."

शाल्मलीनं कंदावर पुन्हा माती सारली. मॅडमनी 'ओसाड' खोडून 'हंगामी फुलांचं पठार' लिहिलं आणि नकाशा थांबवला.

तेवढ्यात राजस्थानातल्या एका विद्यार्थ्यानं हात वर केला. "मॅडम, माझ्या गावाच्या माळावरही 'ओसाड'च लिहिलंय. जाऊन बघू?"

पाठोपाठ आणखी हात वर झाले. मॅडम मोजू लागल्या आणि मग मोजायचं सोडून म्हणाल्या, "जा. आजचा तास बाहेर."