बर्गीचा डबा

कोलकात्यात, बागबाजारातल्या जुन्या इमारतीच्या जिन्यात कुणीतरी चक्क मराठीत ओरडलं, ‘‘अरे मेल्या, माझा मासा!’’

वृंदाने दार उघडलं. आधी तिचाच पळालेला बोका आत शिरला, तोंडात रोहू. आणि मागोमाग खालच्या मजल्यावरचा नवा भाडेकरू, धापा टाकत.

‘‘कच्चा होता?’’ डोक्यावरचा रुमाल सावरत तिने विचारलं.

‘‘मासा तळून हातात घेऊन फिरायची पद्धत नाही आमच्याकडे.’’

‘‘मग घोटाळा झाला...’’

घोटाळा असा, की वृंदाची केमोथेरपी चालू होती. रोगाशी लढताना औषधांनी तिच्या रक्तातला पहाराही उठवला होता. कच्चं खाणाऱ्या मांजराच्या विष्ठेतून एक परजीवी जंतू पसरू शकतो. धडधाकट माणसाला तो कळतही नाही, वृंदाच्या मात्र थेट मेंदूवर चाल करू शकतो. मांजर ठेवा, डॉक्टर म्हणाले. पण घरातच ठेवा, शिजवलेलं घाला, आणि त्याच्या शी-शूच्या मातीचा डबा रोजच्या रोज दुसऱ्या कुणालातरी साफ करू द्या. शिळी झाल्यावरच ती घाण धोक्याची होते. कामवाल्या मावशींनी या खात्याचा कार्यभार घ्यायला साफ नकार दिला होता.

‘‘मासा तुमचा, तेव्हा उद्याचा डबाही तुमचाच,’’ वृंदा गंभीरपणे म्हणाली.

‘‘नाव काय याचं?’’

‘‘बर्गी. पूर्वी नागपूरकडचे घोडेस्वार येऊन बंगाल लुटायचे ना, त्यांना इथे बर्गी म्हणतात.’’

‘‘मी नागपूरचाच. अजेय.’’

‘‘वाटलंच... न विचारता आत आलात.’’

प्रेमात पडलेली माणसं फुलं घेऊन येतात. अजेय पिशवी घेऊन जायचा. न्यू टाउनच्या ऑफिसला निघण्याआधी हातमोजे, तोंडाला मास्क, आणि डब्यापुढे असा काही बसायचा की जणू पूजाच मांडली आहे. वृंदा दाराच्या चौकटीपाशी उभी राहायची. तिथून पुढे तिला मनाई होती.

‘‘भुवया गेल्या माझ्या. आता रागावले तरी कळणार नाही तुम्हाला.’’

‘‘कळेल. रागावलात की चहा विचारत नाही तुम्ही.’’

बाहेर भाद्रपदातला पाऊस कुबट कंटाळवाणा पडत राही. जिन्यात पावलं वाजली की ती रुमाल नीट करी... आणि स्वतःला बजावी – डब्यासाठी येतो तो. फक्त डब्यासाठी.

मग एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. रोग हटला नसल्याचा रिपोर्ट आला. आता दुसरं, जास्त जहाल औषध. आणि म्हातारा बर्गी झोपेतच गेला. अजेयनेच त्याला टॉवेलात गुंडाळून नेलं. त्या संध्याकाळी वृंदाने ठरवून टाकलं, नवं औषध घ्यायचं नाही. कुणासाठी घ्यायचं?

सकाळी बेल वाजली. दारात अजेय. हातात मोजे.

‘‘बर्गी नाहीये आता.’’

‘‘माहीत आहे. मीच नेला ना.’’

‘‘मग?’’

‘‘डबा रोज साफ करायचा, म्हणाले ना डॉक्टर. मांजर असलं तरच – असं काही म्हणाले नव्हते.’’

‘‘अजेय...’’

त्याने एक मोजा चढवला. ‘‘खरं सांगू, वृंदा? मला मांजरं कधीच आवडली नाहीत.’’

ती वाटेतून बाजूला झाली.

‘‘ते नवं औषध लागू पडेलच असं नाही,’’ ती हळूच म्हणाली.

‘‘नसू दे. चहा ठेवतेस?’’

स्वच्छ माती त्याने मन लावून चाळली, रिकाम्या पिशवीला गाठ मारली आणि जपून खाली नेली. ती कचऱ्यात पडेपर्यंत वृंदा खिडकीतून बघत होती. मग चहाचं आधण ठेवून तिने हॉस्पिटलला फोन लावला.