तीन नंबरचा कप्पा

ही गोष्ट खरी आहे.

ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल खोटी म्हणावी, मी कुणाच्या घशाखाली उतरवायला बसलेलो नाही. माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडली आहे आणि ती थापा मारणाऱ्यांतली नाही.

दिवस मंगळवार. वेळ सकाळी अकराची. बाहेर लख्ख ऊन. भुताखेतांना अंधार लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरा नीट वाचावं.

या बहिणीला आम्ही घरात 'फिनेल' म्हणायचो. पाहुण्यांकडे गेली तरी पेला आधी उजेडात धरून बघणार, मगच पाणी पिणार. स्वच्छतेच्या बाबतीत तिचं नाक म्हणजे पोलिसी कुत्र्याचं. आणि नेमकं तिच्याच वाट्याला हे यावं!

तिला दुसऱ्या शहरात एमएस्सीला प्रवेश मिळाला होता. विद्यापीठाच्या वसतिगृहाच्या यादीत तिचा नंबर इतका खाली होता, की वाट बघत बसली असती तर पदवी हातात पडल्यावरच खोली मिळाली असती. मग बाहेर शोधाशोध सुरू झाली. एका खोलीची एकुलती एक खिडकी शेजाऱ्यांच्या संडासात उघडत होती. एका ठिकाणी पलंग होता, पण जिन्याखाली. एका मालकीणबाईंनी तर आठवड्यातून किती वेळा अंघोळ करतेस, असं विचारलं. रोज म्हटल्यावर बाईंनी दार लावून घेतलं.

पंधरा दिवस पायपीट झाली. शेवटी तिच्या बाबांनी फोनवर सांगितलं, "रविवारपर्यंत खोली मिळाली तर ठीक. नाहीतर सामान उचल आणि घरी ये. शिक्षण काय, इथूनही होतं."

इथून होत नव्हतं. हे तिलाही ठाऊक होतं आणि बाबांनाही.

शनिवारी ती खोली मिळाली.

चष्म्याच्या दुकानावर दुसरा मजला. चार खोल्या, चार नंबर. एक स्वयंपाकघर, एक बाथरूम. विद्यापीठाचं फाटक दहा मिनिटांवर. एक नंबरमध्ये फार्मसीची मुलगी होती, ताडमाड उंच, केस मुलासारखे कापलेले. दोन नंबरमध्ये कायदा शिकणारी, डोक्यावर कुरळ्या केसांचं टोपलं. कलमं मोठमोठ्याने पाठ करायची म्हणून तिचं नाव वकीलीणबाई. चार नंबर नुकतीच रिकामी झाली होती. ती फिनेलला मिळाली.

तीन नंबरचं दार बंद होतं.

"तिचं वेळापत्रक वेगळंय," वकीलीणबाई म्हणाली. "आणि हे बघ, आपल्याकडे एकच नियम. ज्याचं त्यानं. दुसरीची भांडी घासायची नाहीत, दुसरीच्या कप्प्याला हात लावायचा नाही, दुसरीची पाळी करायची नाही. एकदा केलंस की जन्मभर करावं लागतं."

फ्रिजच्या दारावर पाळ्यांचा तक्ता होता. दर आठवड्याला एका नंबरने बाथरूम नि फ्रिज साफ करायचा आणि आपल्या चौकटीत बरोबरची खूण करायची. एक, दोन आणि चारच्या चौकटी खुणांनी भरलेल्या.

तीनची चौकट... कोरी.

पहिल्याच सकाळी बाथरूमच्या जाळीत केस सापडले. लांब, सरळ, दीड हात भरतील असे. ओले आणि बुळबुळीत. साबणावर कापलेली नखं चिकटली होती. पिवळी, जाड... माणसाने महिनोन्महिने वाढवावीत तशी.

फ्रिजमधल्या तीन नंबरच्या कप्प्याकडे तर बघवत नव्हतं. काचेचा एक वाडगा होता. त्यात कधीकाळी भात असावा. आता त्यावर हिरवी-काळी लव आली होती आणि कडेने पाणी सुटलं होतं. वास असा, की फ्रिज उघडताना ती श्वास रोखून धरायची.

पण किळस त्याची नव्हती.

किळस याची होती, की वाडग्यातला तो भात रोज थोडा थोडा कमी होत होता.

आणि त्यातला चमचा रोज लख्ख असायचा... चाटून पुसून ठेवल्यासारखा.

तिने चिठ्ठी लावली. 'तीन नंबर, कृपया आपला कप्पा साफ करा.' उत्तर आलं नाही. फक्त चिठ्ठीच्या कोपऱ्यावर एक तेलकट अंगठा उमटला.

तीन आठवडे तिने कळ काढली. चौथ्या आठवड्यात पाळी तीन नंबरची होती. सोमवारपर्यंत बाथरूममध्ये पाणी तुंबून घोट्याएवढं झालं आणि फिनेलचा संयम संपला. हाताला प्लास्टिकच्या तीन पिशव्या बांधून तिने जाळीतून केस ओढले. ओढत राहिली. केस संपेनात. अर्धी बादली भरली. मग तिने तो वाडगा भातासकट, चमच्यासकट पिशवीत बांधला आणि खाली नेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकला. कप्पा गरम पाण्याने धुतला.

आणि तक्त्यावर, तीनच्या चौकटीत, रागारागाने बरोबरची खूण केली.

दुसरा दिवस मंगळवारचा.

दोघी कॉलेजला गेल्या होत्या. फिनेलचं प्रॅक्टिकल दुपारी होतं. आदल्या रात्री करून ठेवलेला भात खायचा म्हणून अकरा वाजता तिने फ्रिज उघडला. तिच्या कप्प्यात तिचा डबा नव्हता.

त्याच्या जागी तो काचेचा वाडगा होता.

काठोकाठ भरलेला... हिरवा, काळा, ओला.

तेवढ्यात आवाज आला. भांडं खरवडल्याचा. खर्र... खर्र... खर्र... तीन नंबरच्या दारामागून.

तिचं डोकंच फिरलं. भीती नंतर, आधी संताप. तिने दारावर थाप मारली. "अगं ए! कोण आहेस तू? लाज नाही वाटत?"

खरवडणं थांबलं.

मग काहीच नाही. श्वाससुद्धा नाही.

आणि दाराखालच्या फटीतून एक चमचा हळूच बाहेर सरकला. तिचाच चमचा. डब्यातला.

लख्ख चाटलेला.

चप्पल न घालता ती जिना उतरली ती थेट विद्यापीठाच्या कँटीनमध्ये थांबली. पोटात काही तरी ढकलावं म्हणून सँडविच घेतलं. दुसऱ्याच घासाला घशात काहीतरी अडकलं. बोट घालून ओढलं तर केस. लांब, सरळ. ती ओढत राहिली... आणि केस येत राहिला. दीड हात. घशातून, पार आतून.

ती तिथेच टेबलाशी भडाभडा ओकली.

संध्याकाळी तिने दोघींना समोर बसवलं. "तीन नंबरमध्ये कोण राहतं?"

"मला काय माहीत?" वकीलीणबाई म्हणाली. "हिच्या वेळची आहे ना ती?"

उंच मुलगी दचकली. "माझ्या? मी तर समजत होते तुझ्या ओळखीची आहे. मी तिला कधी पाहिलंच नाही."

दोन वर्षं. दोन वर्षं दोघी त्या घाणीवरून एकमेकींजवळ कुरकुरत होत्या आणि दोघींपैकी एकीनेही तिचं तोंड पाहिलं नव्हतं.

फिनेलने घरमालकाला फोन लावला.

"तीन नंबर?" मालक म्हणाले. "ती खोली मी कुणाला देतच नाही. तुम्ही तिघीच तर आहात."

"का देत नाही?"

मालकांनी प्रश्न झटकला. मग म्हणाले, "तुम्हाला जायचंय का? करार वर्षाचा आहे, वडिलांची सही आहे. तुमच्या जागी दुसरी मुलगी आणून द्या आणि खुशाल जा. सगळ्या तसंच करतात."

बाबांना सांगावं, तर शिक्षण तिथेच संपलं असतं. वर्गातली एक मैत्रीण आपल्या खोलीत पलंग द्यायला तयार होती, पण इथून सुटका झाली तरच. फिनेलने विद्यापीठाच्या फलकावर जाहिरात लावली. 'मुलींसाठी खोली. स्वच्छ, शांत. फाटकापासून दहा मिनिटं.'

तिसऱ्या दिवशी एक मुलगी आली. सोबत आई. दोघींच्या पायांवर धूळ, चेहरे उतरलेले. त्या यायच्या आधी फिनेलने जाळी साफ केली होती. वाडगा आपल्या कप्प्यातून उचलून तीन नंबरच्या कप्प्यात मागे सरकवला होता आणि पुढे दुधाच्या पिशव्या लावल्या होत्या.

"मुली चांगल्या आहेत ना गं?" आईने विचारलं.

"चांगल्या आहेत, काकू. आपापलं करतात."

स्वयंपाकघराच्या दारात वकीलीणबाई उभी होती. तिने बाजूला होऊन त्यांना वाट दिली.

त्या मुलीने फिनेलचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "ताई, उद्या घरी परत नेणार होते मला. तुमच्यामुळे माझं कॉलेज वाचलं."

हे सांगताना माझी बहीण माझ्यासमोर बसली होती आणि तळहात ओढणीला पुसत होती. म्हणाली, "दादा, त्या केसांची किळस आठवड्यात गेली. त्या वाडग्याचीही गेली. माझी मला येते ती जात नाही रे."

मग तिने मला फोन दाखवला. परवा दुपारी त्या मुलीचा मेसेज आला होता.

'ताई, बाकी सगळं छान आहे. फक्त ती तीन नंबरवाली फारच घाणेरडी आहे हो. शेवटी काल मीच तिची पाळी करून टाकली.'

मी म्हटलं, "फोन कर तिला. आत्ताच्या आत्ता."

"काय सांगू?" ती म्हणाली.

आज हे लिहितोय तोपर्यंत तरी तिने त्या मेसेजला उत्तर दिलेलं नाही.