रुपरावांनी पुरवलेलं वाक्य

ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल खोटं समजावं. मी चौथी शिकलेली बाई. गोष्टी रचता आल्या असत्या तर घरोघरी पोथी वाचली असती माझी.

हे घडलं आमच्या लकडगंजच्या घरात. मागच्या मे महिन्यात. भर दुपारी दोन वाजता. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

आमचे सासरे रुपराव नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत उभं राहायचं, नट अडला की हळूच वाक्य पुरवायचं. तो बोलेपर्यंत पुरवत राहायचं... सोडायचं नाही.

कंपनीच्या एका खुनाच्या नाटकाचा पुढे बोलपट निघाला. रुपराव नसले तर नटांच्या तोंडून शब्द फुटेना. म्हणून त्यांनाही कॅमेऱ्यामागे उभं केलं.

आमचे हे पाळण्यात असताना सासरे वारले. यांचं वय आता सत्त्याऐंशी. बापाचा आवाज ऐकायचा, एवढी एकच हौस उरली होती.

नात गुंजननं तो बोलपट कुठूनसा मिळवून लॅपटॉपवर आणला.

"आबा, पणजोबाचा आवाज सापडला तर मले काय देता?"

"पहिले ऐकू तर येऊ दे."

"कान तुमचे दगडाचे, अन् कूलर विमानावानी," मी म्हटलं. "काय ऐकता, कप्पाळ!"

बोलपटात शेठ जेवता जेवता मेला होता. घरातले सगळे एकमेकांकडे संशयानं बघत होते. शेठाणी त्याला हलवायला लागली... आणि वाक्य विसरली.

तेवढ्यात लाइट गेली. कूलर थांबला. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता.

आणि मग...

"अहो, उठा ना... अंग गार का लागतंय?"

बाईचे ओठ हललेच नव्हते. कुजबुज पुरुषाची होती.

दुसऱ्यांदा आली. तिसऱ्यांदा आली, तेव्हा कुठे शेठाणी बोलली.

यांच्या डोळ्यांतून धार लागली. "बाबा," एवढंच म्हणाले.

गुंजननं लॅपटॉप बंद केला. घर चिडीचूप.

आणि दाराच्या पडद्याआडून... तीच कुजबुज.

"गुंजन, माठातलं पाणी आण वं."

लगेच हे म्हणाले, "गुंजन, माठातलं पाणी आण वं."

मी उठून पडदा ओढला. कोणी नाही.

"आधी कोण बोललं वं?" मी गुंजनला विचारलं.

"कोण म्हणजे? आबाच तं बोलले."

मला वाटलं, या पोरीचाच चावटपणा. तिचा फोन काढून घेतला, लॅपटॉप कपाटात कुलूपबंद केला, चावी कमरेला खोचली. संध्याकाळी दूधवाला आला. त्यानं तोंड उघडायच्या आधीच पडद्याआडून आलं, "बाई, आज दूध कमी हाय." मग तो तेच बोलला.

दोन दिवसांनी गुंजन सगळं घेऊन पुण्याला गेली. कुजबुज राहिली.

मग यांच्यावर संशय घेतला. म्हातारपणी माणूस लबाड होतो. पण हे तोंडात घास घेऊन बसलेले असतानाही ती आली. यांना ती ऐकू येतच नाही. मलाच येते.

परवा दुपारी हे झोपले होते. मी शेंगा सोलत होते.

पडदा हलला नाही. पण अगदी कानाशी...

"अहो, उठा ना... अंग गार काहून लागते?"

वाक्य शेठाणीचं. पण बोली माझी होती.

मी यांच्या छातीकडे पाहिलं. वर-खाली होत होती.

दुसऱ्यांदा आलं. मी पदर तोंडात कोंबला.

तिसऱ्यांदा आलं... मी बोलले नाही.

उभ्या जन्मात माझं तोंड कोणाच्या बापाला बंद करता आलं नाही. आता मीच बंद ठेवलंय. चहा झाला की यांना हाक मारत नाही. कपावर चमचा वाजवते.

आज दोनदा वाजवला. हे हलले नाहीत. यांच्या अंगाला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

तिसऱ्यांदा जोरात वाजवला, तेव्हा डोळे उघडले.

"काहून वाजवते वं? तोंड नाही काय तुले?"

मी नुसता कप पुढे केला.

पडद्याआडून... वाक्य चालूच होतं.